चाचांचं पिवळं कार्ड

कळव्याहून एका सुनेने विचारलंय, "सासूबाई बाळाला गोवरची लस देऊ देत नाहीत. डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले, चिडले, रडलेसुद्धा. आता काय सांगू म्हणजे त्यांना पटेल?" बाळ दहा महिन्यांचं आहे. नवव्या महिन्यात द्यायचा गोवर-रुबेलाचा डोस राहून गेलाय. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत गोवराची साथ आली होती ते दिवस मी विसरलेले नाही, त्यामुळे तिची घालमेल मला कळते.

"काय सांगू" हा प्रश्न कोविडच्या काळात मी शेकडो वेळा ऐकला. त्याचं उत्तर मला एका चाचांनी शिकवलं. त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना कोविडची लस मिळू लागली. त्याच महिन्यात मुंब्र्याच्या कौसा भागातल्या एका शिक्षिकेचा फोन आला. कोकणी मुसलमान कुटुंब, मूळ रत्नागिरीकडचं. वडील सदुसष्ट वर्षांचे, जुना मधुमेह. "लसीचं नाव काढलं की अब्बा उठून गॅलरीत जातात, मॅडम. तुम्ही एकदा बोला ना."

मी गेले आणि बोललेही भरपूर. कोविशिल्डमध्ये डुकराचा कुठलाही अंश नाही, लसीने वंध्यत्व येत नाही, साखर असलेल्यांना या आजाराचा धोका जास्त, सगळं तयारीने सांगितलं. चाचा शांतपणे ऐकत होते. मध्ये "बरं, बरं" म्हणाले, आत हाक मारून चहा सांगितला, दारापर्यंत सोडायला आले. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. "अब्बा म्हणाले, बाई चांगल्या आहेत. पण त्यांना पाठवलंय कोणी?"

तो प्रश्न मला लागला. मी तासभर त्यांच्या घरात बसले होते आणि त्यांना एकही गोष्ट विचारली नव्हती.

पुढच्या खेपेला लसीचा विषय काढला नाही. चाचांची तीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली होती, हे मुलीने सांगितलं होतं. मी विचारलं, "चाचा, जहाजावर जाताना सुया घ्याव्या लागायच्या का हो?" ते उठले आणि कपाटावरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात एक पिवळं कार्ड होतं, पुस्तकासारखं उघडणारं, घडीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून जपलेलं. पीतज्वराच्या लसीचा दाखला. शिक्के पुसट झालेले, तारखा अजून वाचता येत होत्या. तेव्हा दर दहा वर्षांनी ती लस पुन्हा घ्यावी लागे आणि आफ्रिकेतल्या कित्येक बंदरांत या कार्डाशिवाय उतरता येत नसे. एकेका शिक्क्यावर बोट ठेवून ते बंदरांची नावं सांगत होते. मग डबा बंद करून म्हणाले, "सुईला मी कधी घाबरलोय?"

मी म्हटलं, "मग काय झालंय, चाचा?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एप्रिल २०२० चं सांगितलं. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातचा मेळावा झाला होता, तिथूनच कोरोना पसरला अशा बातम्या तेव्हा दिवसरात्र टीव्हीवर चालू होत्या. चाचांना ताप आला, साखर वाढली. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून ते ठाण्यातल्या एका दवाखान्यात गेले. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, नंतर पत्ता, आणि मग, "तिकडे जाऊन आलात का?" आयुष्यात एकदाही दिल्ली न पाहिलेल्या माणसाला पायरीवरूनच परत पाठवलं. आठ दिवस त्यांनी घरातच ताप काढला.

"तेव्हा मला हात लावायला कोणी तयार नव्हतं, ताई. आता सुई टोचायला घरापर्यंत माणसं येतात. का?"

अशा वेळी जिभेवर "पण" येतो. पण आता काळ बदललाय, पण सगळे तसे नसतात, पण लस तर तुमच्याच भल्याची. तो मी गिळला. एवढंच म्हटलं, "चाचा, ते चूक झालं. तुमच्याशी असं वागायला नको होतं." ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं, ते चाचांनी वाचलेलं होतं. म्हणाले, "कोर्टाने म्हटलं. त्या खिडकीतल्याने नाही म्हटलं."

इथे एक सांगायलाच हवं. लस नको म्हणणारे माझ्याकडे नौपाड्यातूनही आले, डोंबिवलीतूनही. त्यांना कोणी "तुमचा समाज" म्हटलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की मुस्लिमबहुल भागांत अजून थोडा संकोच आहे, तिथे सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. हेतू चांगलाच होता. पण दीड वर्षापूर्वी ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, त्यांना हेही बोटच वाटू शकतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

चाचांचं मन त्या दिवशी पालटलं नाही. मात्र आठवड्याभराने त्यांनी आपणहून फोन केला आणि प्रश्न विचारले. रमजान तोंडावर होता, सुईने रोजा तुटेल का? लखनौच्या फिरंगी महलच्या दारुल इफ्ताने, म्हणजे फतवे देणाऱ्या विभागाने, लसीने रोजा तुटत नाही असा फतवा दिला होता. तो मी सांगितला, पण म्हटलं, तुमच्या मौलानांनाच विचारा. त्यांनी विचारलं. मग लस संपल्याच्या पाट्या लागल्या, मे महिना तसाच गेला. शेवटी जूनमध्ये ते निघाले. सोबत मुलगी नव्हती, मीही नव्हते. पहिला डोस घेऊन बसलेला त्यांचा जहाजावरचा जुना सोबती होता.

नंतर त्यांनीच सांगितलं. रांगेत उभं राहताना छातीत धडधडत होतं, सुईमुळे नाही, नाव सांगावं लागणार म्हणून. नंबर आला. टेबलामागच्या मुलीने नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, मुद्दाम मोठ्याने. तिने ते टाइप केलं आणि मान वर करून विचारलं, "चाचा, सकाळी काही खाल्लंय ना? शुगरची गोळी घेतली?"

लसीच्या प्रमाणपत्राची प्रिंट आता त्याच पत्र्याच्या डब्यात आहे, पिवळ्या कार्डात घडी करून ठेवलेली.

तर कळव्याच्या ताई, सासूबाईंना आता कुठला व्हिडिओ दाखवू नका. दुपारी बाळ झोपलं की जवळ बसा आणि विचारा, तुमची मुलं लहान असताना लसीच्या वेळी काय झालं होतं? दवाखान्यात कोणी काही बोललं होतं का? जे निघेल ते पुरतं ऐकून घ्या, त्याला "पण" जोडू नका. त्यांचा विश्वास कोणावर आहे तेही विचारा, एखादी नणंद, शेजारीण, आशाताई, आणि लसीच्या दिवशी तिलाच सोबत न्या. डोस हुकला म्हणून तो वाया गेलेला नाही, उशिरा का होईना, देता येतो. फक्त फार दिवस जाऊ देऊ नका. सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळवा.