परसात आधी एक पाऊस बघा

नवीन घर, मागे मोकळं परस, कुत्रा आणि दोन लहान मुलं. तुमची घाई समजते. तरी शेड घालायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून वाहतं, कुठे तुंबतं, ते तेव्हाच कळतं. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून कुत्र्याच्या खोपटाचं तोंड त्या बाजूला नको.

सामानाचं मात्र मनावर घ्या. लाकडं, कौलं, पोती जमिनीवर रचली की खाली उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. आमच्या कुत्र्याने कौलांच्या ढिगात नाक खुपसलं आणि फुरसं चावलं. तासाभरात तोंड सुजून डोळे मिटले. वाचला, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून सगळं सामान चिऱ्यांवर फळ्या टाकून फूटभर उंच ठेवतो, भिंतीपासूनही सुटं. खालून खराटा फिरलाच पाहिजे. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, त्यामुळे कुत्र्याला त्याची लस द्याच.

कण्हेर असेल तर काढा, ती पोरांना आणि जनावरांनाही विषारी. मुलांचा झोपाळा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा बांधा.