संकट ही देवाची हाक आहे, असं भाविक का मानतात?

शिक्षा वेगळी, हाक वेगळी. सगळी गोम इथेच आहे. कुराणाच्या ३२व्या सुरेत, म्हणजे अध्यायात, मोठ्या शिक्षेआधी छोटी झळ का, तर माणसं परत फिरावीत म्हणून, असं आलंय. ज्यू परंपरेत पश्चात्तापाला 'तेशुवा' म्हणतात, त्याचा अर्थच परतणं. येशूच्या दृष्टान्तातल्या उधळ्या मुलाला दुष्काळ पडून डुकरांपुढच्या शेंगा खाव्याशा वाटतात, तेव्हा कुठे बापाचं घर आठवतं. तुकोबांचं तर दिवाळं निघालं, दुष्काळात बायको गेली. तरी ते देवाला 'बरं झालं' म्हणतात, कारण त्या अनुतापातूनच चिंतन टिकलं.

सगळं सुरळीत असताना 'मी केलं' हा भ्रम टिकतो. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर रात्री दोन वाजता तो टिकत नाही. वर्षानुवर्षं न जुळलेले हात आपोआप जुळतात. नास्तिक याला भीती म्हणेल. भाविकाच्या लेखी ती भीतीच दार असते.

मात्र हा अर्थ ज्याचा त्याने आपल्या दुःखाला लावायचा, दुसऱ्याच्या नाही. बायबलमधल्या ईयोब या निर्दोष माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याच्या मित्रांनी 'तुझंच पाप असणार' असं त्याला ऐकवलं, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.