घेवड्याची जुनी वाणं: रंगांची सरमिसळ, घटता उतारा आणि डोंगरी राजमा

गेल्या काही आठवड्यांत घेवड्याविषयी बरेच प्रश्न आले. त्यातले चार वारंवार विचारले गेले आहेत. साताऱ्याच्या कोरेगाव भागातून, तिथल्या वाघ्या या पट्टेदार पारंपरिक घेवड्याबद्दल आणि वरुण या नव्या वाणाबद्दल: "आमच्या वाघ्यात लाल, करडे, पांढरे दाणे निघतात, भेसळ झाली का?" आणि "वाघ्याचा उतारा दरवर्षी घटतोय, सरळ वरुण पेरावा का?" पठारी भागातून: "उत्तराखंडातून राजमा आणून लावला, वेल भरपूर वाढला पण शेंगा नाहीत." अकोले तालुक्यातून: "आमच्याकडचा घेवडा आणि वाघ्या एकच का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचा सल्ला लागू पडणार नाही. मराठीत घेवडा हे एका पिकाचं नाव नाही. वाघ्या, वरुण, श्रावण घेवडा, फरसबी आणि बाजारातला राजमा हे सगळे एकाच जातीचे. हे पीक मूळचं अमेरिका खंडातलं. वाल, पावटा आणि वेलावरचा वाल-घेवडा ही वेगळी जात. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या घेवड्याच्या वाणांपैकी बरीचशी या दुसऱ्या गटातली आहेत. फूल उघडून पाहा: राजम्याच्या फुलात आतली नाव (होडीसारख्या जुळलेल्या पाकळ्या) स्प्रिंगसारखी पिळलेली असते, वालाच्या फुलात तसा पीळ नसतो. बीही पाहा: वालाच्या दाण्यावर कडेला उठून दिसणारी लांबट पांढरी रेघ असते, राजम्याच्या दाण्यावर मध्यभागी लहान डोळा असतो. दोघांचा संकर होत नाही, म्हणून शेजारी लावायला हरकत नाही. पुढचं सगळं राजमा-घेवड्याबद्दल आहे.

रंग वेगळे निघतात ती भेसळ का?

दरवेळी नाही. या पिकाचं फूल उमलण्याआधीच स्वपरागीभवन उरकलेलं असतं. त्यामुळे एकेका झाडाची संतती बहुतांशी एकसारखी राहते आणि वाणातली विविधता झाडाझाडांमध्ये असते. पारंपरिक वाण म्हणजे अशा अनेक ओळींचा, म्हणजे एकेका झाडापासून चालत आलेल्या वंशांचा, गठ्ठा. कुणी लवकर फुलतं, कुणी ओल सोसतं, कुणी करप्याला (बुरशीच्या रोगाला) दाद देत नाही. पावसाळा कसाही गेला तरी गठ्ठ्यातलं काहीतरी पिकतं. रवांडातले शेतकरी तर मुद्दाम निरनिराळ्या वाणांचं मिश्रण एकाच शेतात पेरतात. बदलत्या हवामानात यात मोठी ताकद आहे असं माझं मत आहे.

मात्र रंग तीन कारणांनी वेगळे निघतात. एक, गठ्ठ्यातल्या जुन्या ओळी. दोन, खळ्यावर, पोत्यात किंवा मळणीयंत्रात मिसळलेलं परकं बी. तीन, मधमाशी-भुंग्यांनी क्वचित घडवलेला संकर. संकर ओळखायची रीत सोपी, पण एक हंगाम घेणारी आहे. प्रत्येक रंगाचे वीस-वीस दाणे काढा, वेगवेगळ्या ओळींत टोकण करा आणि प्रत्येक झाड स्वतंत्र काढा. ओळीतल्या सगळ्या झाडांवर एकाच रंगाचे दाणे आले, तर तो शुद्ध वंश आहे. काही झाडांवर लाल, काहींवर करडे, काहींवर पट्टेदार दाणे आले, तर मागे संकर झाला आहे. दाण्याचं टरफल आईझाडाचं असतं, म्हणून संकर झालेल्या वर्षी दाण्यावर काहीच कळत नाही आणि एका झाडावर सहसा एकाच रंगाचे दाणे येतात. फरक पुढच्या पिढ्यांत उमटतो. "बी तर मी स्वच्छ निवडून पेरलं होतं" अशी तक्रार येते, तिचं कारण बहुधा हेच असतं.

मग निवडून काढायचं का? विक्रीच्या मालातून, हो. कोरेगावच्या वाघ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाने माल द्यायचा तर फिकट दाण्यावर तांबडे पट्टे असलेला वाघ्याच हवा. शिवाय वेगळ्या रंगाचे दाणे कमी-जास्त वेळात शिजतात आणि गिऱ्हाईक नाराज होतं. पण निवडलेले वेगळे दाणे टाकून देऊ नका; बांधाकडेला एक-दोन ओळींत रंगवार लावा. पांढऱ्या दाण्याबद्दल मात्र सावध राहा. रंगीत टरफलातली तुरट कषायद्रव्यं (टॅनिन) मातीतल्या बुरशीला अडवतात, पांढऱ्यात ती फारशी नसतात. त्यामुळे थंड, ओल्या जमिनीत पांढरं बी जास्त कुजतं आणि उगवण विरळ होते.

वाघ्याचा उतारा घटतोय, वरुण पेरावा का?

वरुण हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून आलेलं लाल दाण्याचं, लवकर येणारं वाण. ते चांगलं आहे आणि पेरायला काहीच हरकत नाही. पण ज्या शेतांत वाघ्या घटला म्हणून तक्रार आली, तिथे वाणाला दोष देण्याआधी बियाणं तपासा. घरचं बी वर्षानुवर्षं न निवडता ठेवलं की करपा, जिवाणूजन्य करपा आणि मोझॅक विषाणू बियाण्यातूनच पुढे येतात. नवं वाण पहिल्या वर्षी जिंकतं, त्यात बऱ्याचदा वाणाचा वाटा कमी आणि निरोगी बियाण्याचा जास्त असतो. तेच नवं बी चार-पाच वर्षं तसंच ठेवलं की तेही घसरतं.

बियाणं असं सुधारा. शेंगा भरत असताना, कोरड्या दिवशी, शेतात फिरा. पानं ओली असताना फिरलात तर करप्याचे बीजाणू कपड्यांना लागून तुम्हीच ते पसरवाल. शेताच्या दहा-बारा ठिकाणांहून मिळून दोनशे झाडं निवडून दोरा बांधा. पानं सुरकुतलेली, हिरवट-पिवळी ठिपकेदार झाडं नकोत. शेंगांवर काळपट कडेचे खोलगट डाग असलेली झाडं नकोत. आकडा दोनशेच का? विविधता झाडाझाडांत आहे. दहाच "उत्तम" झाडं घेतलीत तर गठ्ठ्यातल्या बहुतेक ओळी कायमच्या हरवतील, आणि त्या दहा झाडांना जो रोग मानवतो तो पुढे अख्खं शेत घेईल.

दोनशे झाडांचं साधारण तीन किलो बी हाती येतं. पुढच्या खरिपात ते तीन गुंठ्यांच्या बीजप्लॉटात लावा. मागची दोन वर्षं घेवडा नसलेली जागा घ्या, कारण करप्याची बुरशी पिकाच्या अवशेषांत टिकते. एकरी चार क्विंटलच्या हिशोबाने त्यातून तीस किलो बी निघतं. एकरभर पेरणीच्या बियाण्याचा मोठा भाग त्यातच भागतो. पेरणीआधी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी ५ ग्रॅम प्रति किलो चोळा, त्याने मुळकूज आणि रोपांची मर आटोक्यात राहते. दाण्याच्या आत शिरलेला करपा त्याने जात नाही, विषाणू तर कोणत्याही बीजप्रक्रियेने जात नाही. म्हणून शेतातली निवड टाळता येत नाही.

वाघ्या आणि वरुणची खरी तुलना करायची तर एकाच शेतात, एकाच दिवशी, दोन्हींचं सारख्या वयाचं निरोगी बी घ्या. ओळींत ४५ सेंमी, दाण्यांत १० सेंमी अंतर ठेवून ५ मीटर लांबीच्या चार-चार ओळींचे पट्टे टोका. प्रत्येक वाणाचे तीन पट्टे घ्या आणि ते चिठ्ठ्या टाकून लावा. एक वाण बांधाकडे आणि दुसरं मध्यात, असं होऊ नये. काढताना कडेच्या ओळी सोडा, मधल्या दोन ओळींच्या दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडा. उरलेलं क्षेत्र ३.६ चौरस मीटर. दाणे सारखे वाळवून ग्रॅममध्ये तोला आणि १.१२ ने गुणा: ४०० ग्रॅम भरले तर एकरी सुमारे ४५० किलो. निम्मी झाडं फुलली तो दिवस, काढणीचा दिवस, उभी झाडं आणि शंभर दाण्यांचं वजन लिहून ठेवा. एका हंगामावर निकाल देऊ नका. श्रावणात उघडीप पडलेल्या वर्षी लवकर येणारं वाण निसटून जातं, तर लांबलेल्या पावसात तेच वाण काढणीत भिजून डागाळतं. दोन खरीप तरी पाहा.

पेरणीचं बी किती? सगळ्यांना एकच आकडा देणं चुकीचं आहे, कारण वाणांचे दाणे वेगळे. ४५ बाय १० सेंमीला एकरी सुमारे ९०,००० दाणे लागतात. शंभर दाणे ४० ग्रॅम भरत असतील तर ३६ किलो. उगवण ८५ टक्के असेल तर ४२ किलो. दाणे २५ ग्रॅम भरत असतील तर २६-२७ किलोतच भागतं.

एक जोडप्रश्न होता: "मुळांवर गाठी दिसत नाहीत, कडधान्य असून युरिया का द्यायचा?" या पिकाच्या गाठी खरोखरच अपुऱ्या असतात आणि हरभरा-तुरीचं रायझोबियम (गाठी बनवणाऱ्या जिवाणूंचं खत) त्याला चालत नाही. राजम्याचंच रायझोबियम, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, लावा. तरीही रब्बी बागायती राजम्याला एकरी ३५ ते ४० किलो नत्र लागतं: निम्मं पेरताना, निम्मं २५-३० दिवसांनी. खरिपात शेणखत घातलेल्या जमिनीत कमी द्या. वेली वाणाला तर हात राखूनच, नाहीतर नुसता पाला माजतो.

डोंगरी राजमा वाढला, पण शेंगा धरल्या नाहीत

काहींनी दिवसाच्या लांबीला दोष दिला. ते कारण पटत नाही. जूनमधला दिवस हिमालयात आपल्याकडच्यापेक्षा मोठा असतो आणि तिथे हीच वाणं त्याच महिन्यांत वाढून फुलतात. खरं कारण उष्णता. राजम्याला १५ ते २५ अंश मानवतं. फुलोऱ्यात दिवसाचा पारा ३० अंशांवर आणि रात्री २० वर राहिल्या की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटरवर निवडत आलेल्या वाणाला ही उष्णता ठाऊकच नसते. दुसरं कारण आधार. त्यातली बरीच वाणं उंच चढणारी आहेत आणि डोंगरात ती मक्यावर चढवतात. जमिनीवर लोळली की सावलीत फुलं झडतात आणि शेंगा कुजतात. आणि तिसरं, कालावधी: साठ-सत्तर दिवसांच्या वाघ्याच्या वेळापत्रकात हे वेल बसत नाहीत.

लावायचंच असेल तर मराठवाडा-विदर्भात खरीप सोडा. मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबरमध्ये, पाण्याची सोय असेल तरच, दोन गुंठ्यांत करून पाहा. पाणथळ, चिबड आणि खारवट जमीन नको. चोवीस तास पाणी साचलं तरी मुळं गुदमरतात. साताऱ्याच्या कोरेगाव-खटाव पट्ट्यात खरिपात वाघ्या जमतो, कारण जुलै-ऑगस्टमधलं ढगाळ, थंडसर हवामान त्याच्या गरजेजवळ येतं. बाहेरून आणलेलं बी थेट वाघ्याच्या शेतात मिसळू नका, नवा करपा घरी येतो. पहिल्या वर्षी ते दूर कोपऱ्यात लावा.

बी साठवताना

राजम्याचा दाणा नाजूक असतो. ट्रॅक्टरने किंवा जास्त फेऱ्यांच्या यंत्राने मळलं की आतला अंकुर तुटतो. असं बी उगवतं, पण रोपाला शेंडाच नसतो. ही बोडकी रोपं मोजलीत तर उगवण चांगली असूनही शेत विरळ का, ते कळेल. बियाण्याच्या शेंगा काठीने हलक्या झोडा. सकाळच्या उन्हात पातळ पसरून वाळवा. दुपारी तापल्या पत्र्यावर टरफल तडकतं. दाणा दाताखाली दबला तर ओला आहे, कट्‌कन फुटला तर डब्यात भरा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सात दिवसांनी मोजा. ८० पेक्षा कमी उगवले तर बी वाढवा; ६० च्या खाली असेल तर पेरू नका.

घरचं बी शेजाऱ्याला देता येतं का, असंही विचारलं होतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त छापील ब्रँड लावून विकता येत नाही. राजमा त्या कायद्याखाली अधिसूचित पीक आहे. गावाने जपलेलं वाण शेतकरी वाण म्हणून नोंदवता येतं. त्यासाठी झाड, फूल, शेंग आणि दाणा यांची लक्षणं लागतात. वर सांगितलेल्या पट्ट्यांतल्या नोंदी नीट ठेवल्यात तर अर्ज भरताना त्याच उपयोगी पडतील.