वाचकांचे प्रश्न : क्यूबमधला उतारा जावाच्या पानावर

प्रश्न : ताई, वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी संगणकाचं काम बघतो. बी घालणाऱ्या बागायतदारांसाठी जावामध्ये एक छोटी वेबसाइट केली आहे. ती लिनक्सवर, टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरमध्ये चालते. आमच्या लेखा सल्लागारांनी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसमध्ये एक क्यूब, म्हणजे हिशेबाची गणितं आधीच बांधून ठेवलेला आकड्यांचा साठा, बांधून दिला आहे, तो ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर आहे. त्यातला उतारा, म्हणजे बीमागे किती टक्के गर पडला तो आकडा, वेबसाइटवर दाखवायचा आहे. जावाला डेटाबेसशी जोडणारा मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हर घातला, पोर्ट २३८३ दिलं, युजर-पासवर्ड दहादा तपासला, फायरवॉलसुद्धा बंद करून पाहिली. कनेक्शन काही लागत नाही. कुठं चुकतंय? की क्यूब सोडून मूळ टेबलांवरच एसक्यूएल लिहू?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी फायरवॉल परत चालू करा, दोष तिचा नाही. पासवर्डचाही नाही.

सर्व्हर एकच असला तरी त्यावर दोन वेगळी इंजिनं बसलेली आहेत. टेबलांचं इंजिन सहसा १४३३ वर ऐकतं, त्याची भाषा एसक्यूएल, आणि तुमचा जेडीबीसी ड्रायव्हर फक्त त्याच्यासाठी आहे. क्यूबचं इंजिन २३८३ वर ऐकतं. त्याला प्रश्न विचारायची भाषा एमडीएक्स. क्यूबसाठी मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हरच नाही, म्हणून पोर्ट बदलून काही साधत नाही.

जावाला तिथं पोचवणारी वाट म्हणजे एक्सएमएलए. प्रश्न एक्सएमएलमध्ये गुंडाळून एचटीटीपीवरून पाठवायचा, उत्तरही तसंच येतं. त्यात कामं दोनच : डिस्कव्हर, म्हणजे ‘तुझ्याकडे काय काय आहे’, आणि एक्झिक्यूट, म्हणजे ‘हे काढून दे’. पण तुमचा क्यूब आपण होऊन एचटीटीपी बोलत नाही. त्यासाठी विंडोजवर आयआयएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर, लागतं आणि त्यात ‘एमएसएमडीपंप’ नावाची डीएलएल फाइल बसवावी लागते. ती अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसच्याच फोल्डरात, ओलॅप, बिन, आयसॅपी अशा वाटेनं गेलं की सापडते. शेजारची आयएनआय फाइल आणि रिसोर्सेसचं फोल्डरही सोबत उचला. आयएनआयमध्ये क्यूबच्या सर्व्हरचं नाव घाला.

लॉगिन बेसिक ठेवा, पण एचटीटीपीएसवरूनच, नाहीतर पासवर्ड उघड्यावर जातो. ‘विंडोज ऑथेंटिकेशन’च्या वाटेला जाऊ नका. लिनक्सवरून ते जमवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि आयआयएस व क्यूब दोन वेगळ्या मशीनवर असतील तर ओळख पहिल्या मशीनपाशीच अडकते. या कामासाठी विंडोजवर एक वेगळा युजर काढा आणि क्यूबमध्ये त्याला फक्त वाचण्याचा रोल द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेबसाइटच्या फाइलमध्ये कधीच नको.

आता एक थांबा घ्या. जावाला हात लावण्याआधी दुसऱ्या एखाद्या विंडोज मशीनवर एक्सेल उघडा, अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसची जोडणी निवडा आणि सर्व्हरच्या नावाच्या जागी आयआयएसचा पूर्ण पत्ता टाका. एक्सेलमध्ये क्यूब दिसला म्हणजे दार उघडं आहे. पुढं काही अडलं तर ते जावाच्या बाजूला आहे. एवढं एक केलं की दोन दिवस वाचतात.

जावाच्या बाजूला ओलॅपफोरजे ही क्यूबशी बोलणारी लायब्ररी वापरा. तिच्या जार, म्हणजे जावाच्या कोडच्या फायली, दोन लागतात : एक मूळ, दुसरी एक्सएमएलएची. ड्रायव्हर दुसरीत असतो. पुष्कळजण पहिलीच घालतात आणि ‘क्लास सापडत नाही’ म्हणून अडून बसतात. जोडणीचा पत्ता ‘जेडीबीसी’, मग ‘एक्सएमएलए’ असा सुरू होतो. पुढं सर्व्हर म्हणून आयआयएसचा पत्ता आणि कॅटलॉग म्हणून क्यूबच्या डेटाबेसचं नाव. हाती येतं ते साधं कनेक्शन. ‘अनरॅप’ करून त्यातून ओलॅपचं कनेक्शन काढून घ्यायचं. टॉमकॅट १० वर असाल तर आणखी एक जपा. सर्व्हलेटचं पॅकेज ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झालं, पण ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स डॉट नेमिंग’ जावाचीच आहेत, ती तशीच राहतात. सरसकट शोधा-बदला केलंत तर चालू असलेलं बंद पडेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

काही वर्षांपूर्वी सावंतवाडी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यासाठी मी हीच पळवाट काढली होती. क्यूब बाजूला ठेवला, टेबलांवर एसक्यूएल लिहिलं आणि पुरवठादारवार उताऱ्याची सरासरी काढली. एका बागायतदारानं मार्चच्या सुरुवातीला १०० किलो बी घातली होती, गर पडला २८ टक्के. मेमध्ये, वळवाचा पाऊस लागल्यावर, १००० किलो घातली, उतारा २२ टक्के. माझ्या पानावर सरासरी आली २५. पण गर मिळाला होता २८ आणि २२० किलो, म्हणजे ११०० किलोमागे २४८. खरा उतारा साडेबावीसच. मालक पान बघून म्हणाले, “औंदा उतारो बरो पडलो,” आणि त्या आकड्यावर पुढच्या हंगामाचा दर बोलून बसले. क्यूबमध्ये एकूण गर भागिले एकूण बी हे गणित नीट बांधलेलं होतं. मी ते ओलांडून गेले होते. मालकांना जाऊन सांगितलं, दर त्यांनी शब्द दिला म्हणून पाळला. ती रक्कम माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून सांगते, उतारा, टक्केवारी, सरासरी दर, जे जे भागाकारातून येतं ते क्यूबकडूनच घ्या. ‘डब्ल्यू ३२०’ या अख्ख्या गराच्या प्रतीचे डबे किती भरले, पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, किती निघाली, अशी नुसती बेरीज हवी असेल तर टेबलांवर एक व्ह्यू, म्हणजे साठवून ठेवलेला एसक्यूएल प्रश्न, बांधून जेडीबीसीनं वाचायला हरकत नाही. तिथं तुमचा आत्ताचा ड्रायव्हर चालेल. मात्र आवृत्ती १०.२ पासून तो एन्क्रिप्शन आपोआप मागतो, सर्व्हरचं सर्टिफिकेट भरवशाचं नसेल तर तिथंही अडेल.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो. प्रत्येक पान उघडताना क्यूबला विचारायला जाऊ नका. तो बहुधा रात्रीच प्रोसेस होत असेल, म्हणजे नवे आकडे त्यात तेव्हाच भरले जात असतील, मग दिवसभर आकडा तोच राहणार. एकदा विचारून उत्तर टॉमकॅटकडे साठवा, प्रश्नाला वेळेची मर्यादा घाला, ऑफिसचा सर्व्हर बंद असेल तर साठवलेला आकडा दाखवा. आणि आकड्याखाली तो कधीचा आहे ते लिहा. क्यूबांची यादी डिस्कव्हरनं मागितली की ‘लास्ट डेटा अपडेट’ असा रकाना येतो, तीच तारीख घ्या, तुमच्या सर्व्हरचं घड्याळ नको. तीस किलोमीटरवरून बी घेऊन यायची की थांबायचं हे बागायतदार त्या पानावरून ठरवणार आहे.

एक्सेलमध्येही क्यूब दिसला नाही तर आलेली एरर जशीच्या तशी उतरवून पाठवा, आयआयएसची आवृत्तीही लिहा.