बडोद्यात एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतेय, मेटास्टॅसिसवर (कॅन्सर शरीरात पसरण्यावर) पीएचडी करायची आहे. तयारी कुठून करू?

परीक्षेचं आधी उरकतो. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, काढा. जानेवारी 2023 पासून तिचे महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. स्वतःची फेलोशिप असली की गाईड निवडताना हात बांधलेले राहत नाहीत. बडोद्याहून जवळची ठिकाणं म्हणजे खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र).

खरी तयारी मात्र डिझर्टेशनमध्ये होते. सयाजीराव विद्यापीठात असाल तर सेल कल्चर (प्लेटमध्ये पेशी वाढवणं) चालतं अशीच लॅब धरा, विषय कुठलाही असो. पेशींवर हात बसला की 'स्क्रॅच अ‍ॅसे' करा, म्हणजे पेशी किती सरकतात ते बघायची चाचणी. खर्च जवळजवळ शून्य. पेशी प्लेटभर दाटल्या की 200 मायक्रोलिटरच्या टिपने एक रेघ ओढायची, पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुवायचं आणि 0, 12, 24 तासांनी त्याच जागेचा फोटो घ्यायचा. प्लेटच्या तळाला आधीच मार्करची खूण करा, नाहीतर ती जागा पुन्हा सापडत नाही.

गफलत होते ती पुढे. रेघ भरली म्हणजे पेशी सरकल्या असं नाही, त्या वाढून दुप्पटही झाल्या असतील. म्हणून पेशी वाढवणारं सिरम मीडियममधून काढून टाकतात किंवा आधी दोन तास पेशींचं विभाजन थांबवणारं मायटोमायसिन-सी देतात. तुम्ही एखादं औषध तपासत असाल आणि त्याने पेशी मरत असतील तरी रेघ उघडीच राहते आणि 'मायग्रेशन (पेशींचं सरकणं) थांबलं' असा भास होतो. त्याच मात्रेवर, तेवढेच तास एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत ती चाचणी) केलेली नसेल तर त्या फोटोंना अर्थ नाही.

एमडीए-एमबी-231 बरोबर एमसीएफ-7 ठेवा, दोन्ही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी. पहिली चपळ, दुसरी सुस्त. पहिलीला एल-15 मीडियम देणार असाल तर फ्लास्क कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका, मीडियम आंबट होतं. पेशी शेजारच्या लॅबमधून उसन्या आणण्यापेक्षा एनसीसीएसच्या रिपॉझिटरीतून (पेशींच्या संग्रहातून) मागवा, म्हणजे त्या नक्की कुठल्या ते कळतं. एमडीए-एमबी-435 कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली, निघाली मेलॅनोमाची (त्वचेच्या कॅन्सरची)!

त्यानंतर ट्रान्सवेल चाचणी: 8 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याची छोटी वाटी (इन्सर्ट) प्लेटच्या खाचेत बसवायची आणि पेशी पडद्यातून खाली उतरतात का ते बघायचं. इन्व्हेजन (पेशींचं ऊतीत घुसणं) पाहायचं तर पडद्यावर मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा थर हवा. ते रात्रभर 4 अंशांवर, बर्फात ठेवून वितळवा. टिपासुद्धा गार हव्यात, नाहीतर ऊब लागून टिपेतच घट्ट होतं. इन्सर्टखाली बुडबुडा अडकला की तिथल्या पेशी खाली उतरत नाहीत आणि गाईड म्हणतात, औषध छान चाललं.