वर्ध्याची गावं समुद्रात पडतायत? आधी झोन बघा

वर्धा जिल्ह्यातल्या गावांचे सेंट्रॉइड (हद्दीच्या आकाराचे मध्यबिंदू) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढले तर काही गुजरातेत नवसारीच्या आसपास आणि काही थेट अरबी समुद्रात पडले, असं तुम्ही लिहिलंय. वाचताक्षणी ओळखलं, कारण माझं अख्खं नागपूर असंच बारडोलीजवळ जाऊन बसलं होतं. सेंट्रॉइडचं टूल परत परत चालवू नका, त्याचं गणित बरोबरच आहे. झोन चुकलाय.

यूटीएम ही जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत, तिच्यात पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे उभे पट्टे म्हणजे झोन असतात; त्यातला ४३ झोन ७८ अंश रेखांशाला संपतो. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळे ४४ मध्ये, यवतमाळ तर दोन्हीकडे. नागपूरचा एक्स (पूर्व-पश्चिम आकडा, मीटरमध्ये) ४४ मध्ये ३ लाखाच्या आसपास येतो, ४३ मध्ये सव्वानऊ लाखाच्या. तोच ३ लाखाचा आकडा ४३ समजून वाचला की गाव ६ अंश पश्चिमेला, म्हणजे ६०० किलोमीटरच्या वर सरकतं, आणि अक्षांश मात्र बरोबर राहतो म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही.

माझा खरा वेळ गेला तो फाइल देणाऱ्या ऑफिसात. शेपफाइलसोबत (गावांच्या हद्दींची फाइल) झोन कुठला ते सांगणारी पीआरजे फाइलच नव्हती. मागितली तर "आमच्याकडे नीट उघडतं", परत गेलो तर "महाराष्ट्र ४३ मध्येच येतो, ४३ टाका", मग अर्ज, मग साहेब मीटिंगला, तोवर पावसाळा लागला आणि फील्डचं काम दिवाळीनंतर गेलं. अहो, नोटपॅडमध्ये उघडणारी एका ओळीची फाइल असते ती! लोकांच्या पैशातून झालेली मोजणी, ती पूर्ण द्यायला काय जातं? अजूनही संताप होतो.

तर लेयरवर राइट क्लिक करून सीआरएस (आकडे कुठल्या पद्धतीतले ते) ३२६४४, म्हणजे यूटीएमचा ४४ झोन, लावा. रीप्रोजेक्ट (आकडे दुसऱ्या पद्धतीत बदलणं) आधी करू नका, चुकीच्या झोनवरून रीप्रोजेक्ट केलं की चूक नव्या फाइलमध्ये पक्की होते. सॅटेलाइट इमेज खाली घेऊन एखादा ओळखीचा तलाव जुळतो का बघा, जुळला की मगच फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ट्रान्सफॉर्म फंक्शनने सेंट्रॉइड ३२६४४ वरून ४३२६ ला, म्हणजे अक्षांश-रेखांशात, न्या. नवीन कॉलमचं प्रिसिजन ३ असेल तर ६ करा, अंशाच्या तीन दशांश स्थळांत शंभरेक मीटरचा फरक मावतो.

आणि माझं मत, पटलं तर घ्या: गावात पोचायला पॉइंट हवा असेल तर सेंट्रॉइड नकोच, पॉइंट ऑन सरफेस (हद्दीच्या आतच पडणारा बिंदू) घ्या. नदीच्या वळणातलं गाव किंवा दोन तुकड्यांतलं गाव असलं की सेंट्रॉइड शेजारच्या शिवारात पडतो. मी सर्व्हेअर नाही, हद्दीच्या वादात यातलं काही वापरू नका, तिथे सरकारी मोजणीच लागते.

गावांची मराठी नावं प्रश्नचिन्हं दिसत असतील तर एन्कोडिंग यूटीएफ-८ करून बघा. ३२६४४ लावूनही थोडं सरकलेलं राहिलं तर नकाशा जुन्या एव्हरेस्ट डेटमवरचा (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मोजमापावरचा) असू शकतो, मग एका गावाचा सहा आकडी एक्स आणि सात आकडी वाय इथे टाका, बघून सांगतो.