पूर्वग्रह की पूर्वाग्रह?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: राजकीय मतांविषयी लिहिताना कुणी ‘पूर्वग्रह’ लिहितं, कुणी ‘पूर्वाग्रह’. बरोबर काय, आणि अर्थ एकच ना?

मराठीत ‘पूर्वग्रह’च लिहावं. ‘पूर्वाग्रह’ म्हणजे पूर्व अधिक आग्रह. हिंदीत ते रूप रुळलेलं आहे. संधी चुकीचा नाही, पण अर्थ सरकतो आणि राजकारणाच्या बाबतीत ते मला फार खटकतं.

क्रियापदं बघा. आग्रह आपण धरतो, जाणूनबुजून. ग्रह मात्र होतो. स्वतःबद्दल बोलताना आपण ‘माझा तसा ग्रह झाला’ म्हणतो, आणि समोरच्याला ‘उगाच ग्रह करून घेऊ नका’ असं बजावतो. म्हणजे माझं आपोआप झालं, तुम्ही मात्र करून घेतलंत!

मानसशास्त्रातही हेच दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीची योजना वाचायला दिली. काहींना सढळ मदतीची, काहींना हात आखडता घेणारी. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असं कळलं, की उदारमतवाद्यांना कडक योजनाही पटत होती आणि पुराणमतवाद्यांना सढळ. तरी आपण मजकूर वाचूनच मत दिलं असं ते प्रामाणिकपणे सांगत होते. पक्षाच्या नावाने वाहवत जातात ते विरोधक, असं त्यांचं म्हणणं.

ह्याला आग्रह कसं म्हणणार? इथे कुणी हट्टाला पेटलेलं नाही. त्यांना ते खरोखरच तसं दिसतं आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा विषय कट्ट्यावर काढून बघा. आपल्या पक्षाने रस्ता मांडला तर ‘वाहतूक सुटेल’, दुसऱ्याने मांडला तर ‘टेकडी फोडायला निघालेत’. दोन्ही वाक्यं मनापासून आलेली असतात. ‘आपला तो बाब्या’ म्हणणारी आईसुद्धा खोटं बोलत नसते.

म्हणून समोरचा ऐकायला तयार आहे पण त्याचं मत आधीच कलतं झालेलं आहे, तिथे ‘पूर्वग्रह’. कारणं कळूनही, ती मान्य करूनही तो हटत नसेल, तर त्यासाठी ‘दुराग्रह’ हा नेमका शब्द मराठीत आहेच. ‘पूर्वग्रहदूषित’ हे विशेषण मात्र जपून वापरावं. ते लावल्यावर समोरचा पुढचं वाक्य ऐकत नाही.